पोटगीचा अर्ज माहेरच्या गावातही करता येतो

पैनगंगेच्या अलीकडे आपला आदिलाबाद जिल्हा, पलीकडे यवतमाळ. राज्यांची सीमा नदीवरून गेली, पण आपल्या सोयरिकी काही थांबल्या नाहीत. आजही इथली मुलगी किनवट, पांढरकवडा नाहीतर नागपूरला दिली जाते आणि तिकडची सून इकडे येते. संसार मोडला की मुलगी माहेरी परतते आणि घरात पहिला प्रश्न निघतो : आता कोर्टाच्या तारखांना तिकडे महाराष्ट्रात जायचे का?

पोटगीसाठी तरी तशी गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने कलम १२५ आता कलम १४४ झाले आहे. पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. घटस्फोट झाला असला, तरी पुन्हा लग्न केलेले नसेल तर हा हक्क राहतो. धर्माचाही अडसर नाही. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्याच एका प्रकरणात मुस्लिम घटस्फोटितांनाही हे कलम लागू असल्याचे स्पष्ट केले.

हा कायदा हळूहळू सुधारत आला. २००१ पर्यंत या कलमाखाली महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपयेच मिळू शकत. ती मर्यादा गेली. पुढची मोठी सुधारणा आपल्या शेजारच्या नागपूरच्या प्रकरणातून आली. तिथल्या पत्नीने २०१३ मध्ये अंतरिम पोटगी मागितली, २०१५ मध्ये आदेश झाला आणि वाद २०२० पर्यंत चालला. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. दोन कायद्यांखाली दोनदा रक्कम ठरली, तर पहिली दुसरीत जमेस धरायची. बायको शिकलेली किंवा कमावती आहे, एवढ्यावरून पोटगी नाकारायची नाही.

नवऱ्यांचीही एक बाजू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली कमाई नसलेला पतीसुद्धा पोटगी मागू शकतो. शपथपत्राचा नियमही दोघांना सारखाच आहे, कारण उत्पन्न लपवण्याची सवय एकाच बाजूला नसते.

खरी सुधारणा अजून व्हायची आहे ती वसुलीत. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. त्यातला 'शक्यतो' हा शब्दच महागात पडतो. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज पुन्हा तिनेच करायचा, तोही रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. पगारदाराच्या पगारातून कपात होऊ शकते. पण कापसाची शेती किंवा दुकान असलेल्याची कमाई दाखवायची कशी? ठरलेली रक्कम न्यायालयामार्फत थेट खात्यात जमा होण्याची सोय झाली, तर निम्मी पायपीट वाचेल.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. 'थोडे थांबू, बोलणी करू' म्हणताना महिने जातात. बोलणी जरूर करा, पण अर्ज लांबवू नका. पोटगी अर्जापासूनच मोजली जाते. लग्नाचा दाखला, मुलांच्या फीच्या पावत्या, बँकेचे पासबुक जपून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.