बैलाला दाखला, वगाला शिक्का

चैत्र लागला की नारायणगावात सर्वांत महाग वस्तू म्हणजे तारीख. कालाष्टमीची किंवा पौर्णिमेची रात्र एकच असते आणि ती मागायला आलेली गावं ढीगभर. गुढीपाडव्याच्या आसपास फडमालकांच्या राहुट्या लागतात, बाहेर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी पाटी, आत टेबल, तारखांची वही आणि व्यवस्थापक. यात्रा कमिटीचे पाच-सात जण येऊन टेकतात. चहा होतो. नर्तकी किती, गाड्या किती, वग कोणता, पाऊस आला तर काय, असं सगळं बोलून होतं. सुपारी ठरते, इसार दिला जातो आणि मंडळी उठायला लागली की व्यवस्थापक शेवटचं वाक्य टाकतो, ‘‘पोलिसांची परवानगी तुमच्याकडं बरं का. संहितेचं आमच्याकडं.’’

राहुटीत बसून ऐकलेले बहुतेक किस्से या शेवटच्या वाक्याचे असतात. कुणी कसं नाचलं आणि कुणी कसं गायलं याच्या आठवणी बाहेरचे लोक काढतात. फडातली माणसं बोलायला लागली की कागदावर येतात.

कायद्यात डोकावलं तर हे कागद दोन घरचे आहेत. एक पोलिसांचं. १९५१ चा मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियम, त्याचं कलम ३३, आणि त्याखाली १९६० साली केलेले सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांचे नियम. या नियमांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशे असा उल्लेखच आहे, म्हणजे तमाशा चुकून त्यांच्या कक्षेत आला असं म्हणायची सोय नाही. दुसरं घर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं. प्रयोग करण्याआधी संहिता तिथं धाडायची, मंडळाने वाचायची, खटकलेलं काढायला सांगायचं, मग प्रमाणपत्र द्यायचं.

आता तमाशातला वग म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला इथंच हसू फुटेल. वगाची गोष्ट ठरलेली असते, गाणी ठरलेली असतात, प्रवेश कुठं तोडायचा तेही ठरलेलं असतं. बाकीचं त्या रात्री. सोंगाड्या गावात उतरला की आधी कमिटीतल्या एखाद्या पोराला बाजूला घेतो. सरपंच कोण, पडलं कोण, कुणाच्या विहिरीवरची मोटार गेली, कुणाच्या ऊसतोडीवरून भांडण झालं, एवढं विचारून घेतो आणि रात्री बतावणीत त्याचं सोनं करतो. हे लिहून मुंबईला कसं पाठवणार? पण नियम म्हणजे नियम. म्हणून वगमास्तर सांगायचा, एखादा शिकलेला कलावंत वहीत उतरवायचा आणि ती वही शिक्का घेऊन परत यायची. मंडळाकडं गेलेला वग आणि मंचावरचा वग हे दोन सख्खे भाऊ. तोंडवळा सारखा, स्वभावाचा मेळ नाही.

एका फौजदाराचा किस्सा राहुट्यांत अजून चवीनं सांगतात. नवीन होता, प्रामाणिक होता, त्याने प्रयोगाच्या आधी शिक्क्याची वही मागून घेतली आणि पुढच्या रांगेत खुर्ची टाकून ओळ न् ओळ पडताळायला बसला. गणाला जुळलं. गौळणीत मावशी आली आणि दोन पानांत वहीची साथ सुटली. तो मागं-पुढं पानं चाळत राहिला, तोवर मावशीने त्याच्याकडंच बोट करून, पेंद्या अभ्यास करतोय, त्याला कुणी त्रास देऊ नका, असं ठेवून दिलं. अख्खा मांडव कोसळला. साहेबांनी वही मिटून मांडीखाली घातली आणि पहाटेपर्यंत हसले, असं सांगणारे सांगतात. मावशीचं ते वाक्य अर्थातच वहीत नव्हतं.

हा शिक्का आला कुठून? स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलता. कलावंतांनी ओरड केली, पोट कुठं न्यायचं असं विचारलं, तेव्हा तमाशा सुधार समिती नेमली गेली. अध्यक्ष महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार. इतिहासाचे मोठे अभ्यासक, याबद्दल वाद नाही. पण तमाशाच्या कनातीबाहेर तिकिटाला उभं राहणारा माणूस ते नव्हेत, याबद्दलही वाद नसावा. बंदी गेली आणि तिच्या जागी तपासणी आली. तमाशा चालेल, पण धुऊन-पुसून. फडांच्या पाट्यांवर ‘लोकनाट्य’ ठळक झालं ते त्याच हवेत.

सरकार एखाद्या धंद्याला परवाना लावायचा की नाही हे कसं ठरवतं, ते या प्रकरणात उघडं दिसतं. तक्रार प्रेक्षकाची नव्हती. फडावर काम करणाऱ्यांत महार, मांग, कोल्हाटी समाजाची माणसं मोठ्या संख्येनं, आणि तक्रार करणारे बहुतेक जण त्या कनातीत कधी न बसलेले. ज्याला प्रत्यक्ष काही सोसावं लागतं त्याला कुणी विचारलं नाही. ज्याला ते असणंच सोसत नव्हतं त्याचं म्हणणं नियमात आलं.

इंग्रजांनी हेच केलं होतं, फक्त त्यांची भीती वेगळी होती. बंगालीतल्या ‘नीलदर्पण’सारख्या नाटकांनी साहेब हादरला आणि १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. आपल्याकडं खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांना कर्झन दिसला आणि १९१० मध्ये नाटक बंद पडलं. खुद्द इंग्लंडात १७३७ पासून नाटकाला लॉर्ड चेंबरलेनची मंजुरी लागायची, कारण पंतप्रधान वॉलपोलला रंगमंचावरची टिंगल सहन होईना. तिथली ही पद्धत १९६८ मध्ये संपली. आपल्या संसदेने १८७६ चा कायदा अलीकडे मोडीत काढला. संहिता आधी तपासून घेण्याच्या पद्धतीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. राहुटीत मात्र यातलं काही पोचलेलं नसतं. तिथं एवढंच माहीत असतं की शिक्का असलेला बरा, नसला तर कुणीतरी ऐनवेळी मागतो.

नारायणगावचीच दुसरी बाजू बघा. राहुट्यांपासून हाकेच्या अंतरावर जुन्नर बाजार समितीचा टोमॅटो बाजार. हंगामात क्रेट उतरायला जागा मिळत नाही. तिथला आडत्या परवान्याचा, व्यापारी परवान्याचा, हमाल आणि मापाडीसुद्धा परवान्याचे. हे परवाने का आले, याला मात्र सरळ उत्तर आहे. पूर्वी दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा असायचा आणि त्याच्या मालाचं काय झालं हे त्यालाच कळायचं नाही. वजनात मारलं जायचं, वर धर्मादाय आणि हमालीच्या नावाने कापलं जायचं. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारासाठी १८९७ मध्येच कायदा झाला. १९२८ च्या शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा, महाराष्ट्राचा १९६३ चा. म्हणजे कुणाचं नुकसान होतंय आणि ते त्याला स्वतःला दिसतं का, हा प्रश्न आधी विचारला गेला, कागद नंतर आला.

पुढं त्या कागदाचंच कुंपण झालं, नवा माणूस आत येईना, हेही खरं. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनातून बाहेर काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, पेपरात मथळे आले. आडतीची भांडणं आजही संपलेली नाहीत. पण भांडण पैशाचं आहे, कुणाच्या लाजेचं नाही.

तिसरा परवाना तर जुन्नर-आंबेगावच्या जिव्हाळ्याचा. बैलगाडा. ज्या यात्रेत रात्री तमाशा, त्याच यात्रेत दिवसा घाटात बाऱ्या सुटतात. थापलिंगच्या खंडोबाची यात्रा असो की गावदेवीची, पुढं घोडी, मागं बैल आणि निशाण पडेपर्यंतचे सेकंद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज जातो. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी नाही, चाबूक नाही, धाव हजार मीटरच्या आत. गाडामालक कुरकुरतात, पण नियमांची कलमं वाचली तर एक गोष्ट कबूल करावी लागते. ती सगळी बैलाच्या अंगाकडं बघून लिहिलेली आहेत.

आणि रात्री त्याच गावात उभ्या राहणाऱ्या कनातीची कलमं गाण्याच्या ओळींकडं बघून.

नारायणगाव हे विठाबाईंचं गाव. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आज राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांचा तो किस्सा महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना मंचावर उभ्या राहिल्या, मध्येच कळा सुरू झाल्या, कनातीमागं जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर आल्या. लोक हा किस्सा कलेच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात, डोळे पुसतात. मला तो ऐकताना दर वेळी वाटतं, त्या रात्रीच्या परवान्यावर काय काय लिहिलेलं असेल? प्रयोगाची जागा असेल, वेळ असेल, अश्लील हावभाव करू नयेत हे नक्कीच असेल. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री मंचावर का उभं राहावं लागलं, हे विचारणारा रकाना नव्हता.

फडातली खरी धोक्याची जागा संहितेत नसतेच. ती ट्रकमध्ये असते, जिथं रात्रभर काम केलेली माणसं सामानावर झोपून पुढच्या गावाला जातात. ओल्या जमिनीवरून ओढलेल्या वायरींत असते. आणि उचलीत असते. हंगामाआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. फिटता फिटता पुढचा पावसाळा येतो, घर चालवायला पुन्हा उचल. मालकही वाईट असतो असं नाही, त्यानेही फड उभा करायला सावकाराचंच काढलेलं असतं. या साखळीकडं ना फौजदार बघतो ना परिनिरीक्षण.

२००५ मध्ये डान्सबारच्या वेळी हीच गोष्ट शहरी कपड्यांत पुन्हा घडली. आर. आर. पाटील गृहमंत्री. बायकांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी, पण तारांकित हॉटेलांना सूट. प्रतिष्ठा तारे मोजून ठरते हे काही न्यायालयांना पटलं नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी उडवली. मग २०१६ चा नवा कायदा आला, त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ मध्ये गेल्या. त्या निकालात एक बारीक मुद्दा होता, नर्तकीला बक्षीस देता येईल, पण पैसे उधळता येणार नाहीत. नारायणगावात हे कुणी वाचलं तेव्हा एक म्हातारा ढोलकीवाला म्हणाला, ‘‘म्हणजे दौलतजादा आता पाकिटात घालून द्यायचा.’’

सध्या राहुटीत सगळ्यांत जास्त चर्चा होते ती दहाच्या ठोक्याची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत, तेही सरकारने ठरवून दिलेले. यात्रेचा छबिना उरकतो, पंगती उठतात, शेतावरचे लोक येऊन बसतात तेव्हा दहा वाजूनच गेलेले असतात. हा नियम मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात, ज्याला त्रास होतो तो खरोखर आहे. म्हणून फडवालेही याला शिव्या देत नाहीत, वाटाघाटी करतात. कमिटीचा एखादा वजनदार माणूस ठाण्यात जाऊन बसतो. कर्णे गावाकडं न करता माळाकडं फिरवले जातात. काही गावं दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीवरच जास्त भर देतात, उन्हात का होईना वग पुरा होतो.

कागदाचा शेवटचा किस्सा म्हातारपणाचा. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, पण कलावंत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. ऐन उमेदीत शेकडो परवान्यांखाली नाचलेली बाई अर्ज घेऊन उभी राहते तेव्हा लक्षात येतं की तिच्या नावाचा एकही परवाना निघालेला नाही. परवाना प्रयोगाचा होता, कमिटीच्या नाहीतर मालकाच्या नावे होता. हँडबिलावर मालकाचं नाव ठळक आणि खाली ‘व संच’. करोनाच्या दोन हंगामांत फड बंद पडले आणि मदतीचे अर्ज आले तेव्हाही हेच झालं.

अशाच एका जुन्या नर्तकीसाठी एका व्यवस्थापकाने घरातल्या ट्रंका उपसल्या. शिक्क्याच्या वह्या सापडल्या, त्यांत संवाद होते, माणसं नव्हती. शेवटी तिचं नाव मिळालं ते उचलीच्या वहीत. साल, रक्कम, अंगठा, सगळं व्यवस्थित, ओळीने अकरा हंगाम. तिने किती वर्षं काम केलं याचा दुसरा लेखी पुरावा या जगात नव्हता. व्यवस्थापकाने त्या पानांची झेरॉक्स काढून अर्जाला जोडली. पंधरा दिवसांनी कार्यालयातून निरोप आला की झेरॉक्स साक्षांकित करून आणा.