वाशीचा बाजार, मंत्रालयाचा दरवाजा: लॉबिंगविषयीचे पाच गैरसमज

शेतमालावरची अडत कोणी भरायची, गोणी उचलणाऱ्या माथाडीची मजुरी कुठे जमा व्हायची, बाजाराच्या आवाराबाहेर विकलेल्या मालावर बाजार फी लागणार की नाही, हे वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले रोजचे प्रश्न. त्यांची उत्तरे मात्र मंत्रालयात आणि विधिमंडळात ठरतात. त्यामुळे आपले म्हणणे तिथवर पोचवायची धडपड कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य आणि मसाला या पाचही बाजारांत सतत चालू असते. हेच लॉबिंग. त्याविषयी आपल्याकडे संशय भरपूर आणि माहिती तोकडी. याचा सर्वाधिक तोटा होतो तो ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्याचा.

गैरसमज १: लॉबिंग म्हणजे लाच देण्याचे सभ्य नाव.

वस्तुस्थिती: निवेदन देणे, शिष्टमंडळ नेणे, आमदाराला प्रश्न मांडायला सांगणे, विधेयकावर हरकती नोंदवणे हे सारे कायदेशीर आहे. राज्यघटनेच्या कलम 19 ने दिलेले बोलण्याचे, शांततेने जमण्याचे आणि संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य त्याच्या मागे उभे आहे. लाच हा वेगळा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि लाच घेणाऱ्याइतकाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला. खासदार-आमदारांनाही यातून सुटका नाही. सभागृहात मत देण्यासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर विशेषाधिकाराची ढाल वापरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 4 मार्च 2024 रोजी दिला. सीमारेषा स्पष्ट आहे. पुराव्याने आणि युक्तिवादाने मन वळवणे तिच्या अलीकडे, मोबदला देऊन निर्णय विकत घेणे पलीकडे.

गैरसमज २: लॉबिंग फक्त बड्या कंपन्या करतात.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रातल्या सर्वांत यशस्वी पाठपुराव्यांपैकी एक पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी केला. मुंबईच्या गोदीत आणि घाऊक बाजारांत राबणाऱ्या माथाडींना ना ठराविक मालक होता, ना रजा, ना भविष्य निर्वाह निधी. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले, मोर्चे काढले, सरकारशी वाटाघाटी केल्या. त्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार व इतर लाभ द्यायचे, अशी व्यवस्था त्याने उभी केली. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला आले तेव्हा माथाडी आले आणि त्यांचा कायदाही आला. या कायद्यात बदल करणारे विधेयक 2023 मध्ये आले, तेव्हा माथाडी संघटना पुन्हा रस्त्यावर उतरल्या.

व्यापाऱ्यांची परंपरा तर आणखी जुनी. धान्य व्यापाऱ्यांची ‘ग्रोमा’ ही संघटना 1899 सालची. आवाज उठवणे हा श्रीमंतांचा मक्ता नाही. पैसा असलेल्याला सल्लागार, वकील आणि आकडेवारी तयार मिळते, आणि माथाडीला दिवसाची मजुरी बुडवून मोर्चाला जावे लागते, हा फरक मात्र खरा आहे.

गैरसमज ३: लॉबिस्ट म्हणजे ओळखी विकणारा माणूस.

वस्तुस्थिती: दिल्ली-मुंबईत हे काम ‘पब्लिक अफेअर्स’ किंवा ‘धोरण सल्लागार’ अशा नावांनी चालते. प्रामाणिकपणे केले तर ते बरेच कंटाळवाणे आणि अभ्यासाचे आहे. विधेयकाचा मसुदा कलमवार वाचायचा, एखाद्या बदलाने कोणाच्या खिशातून किती जाईल याचा हिशेब मांडायचा, आणि मुदतीत लेखी हरकत द्यायची. 18 जुलै 2022 पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागू झाला. तेव्हा 25 किलोपर्यंतच्या पिशवीला कर आणि त्याहून मोठ्या पोत्याला सूट, हा तपशील धान्य बाजारासाठी कळीचा होता. अशा ठिकाणी जाणकाराची मदत सरकारलाही लागते.

‘साहेबांना सांगून काम करून देतो’ म्हणत पैसे घेणारा या व्यवसायातला नव्हे. वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकाकडून गैरमार्गाने काम करवून घेण्यासाठी मोबदला घेणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7-अ खाली गुन्हा आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षे.

गैरसमज ४: कोण कोणासाठी लॉबिंग करतो, याची सरकारदरबारी नोंद असतेच.

वस्तुस्थिती: भारतात लॉबिंगची नोंदणी करायला लावणारा कायदाच नाही. बंदी नाही आणि नियमनही नाही. खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी 2013 मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

नोंदणीचा कायदा नसल्याचा परिणाम काय होतो ते 2012 मध्ये दिसले. बहुब्रँड किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला सप्टेंबरमध्ये परवानगी मिळाली. देशभरच्या व्यापारी संघटनांनी कडाडून विरोध केला होता. डिसेंबरमध्ये उघड झाले की वॉलमार्टने अमेरिकेत दिलेल्या लॉबिंगच्या अहवालांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषयही नोंदवला होता. संसदेत गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या बाजारपेठेविषयीची ही माहिती आपल्याला मिळाली ती अमेरिकेच्या 1995 च्या कायद्यामुळे. तिथे लॉबिस्टला आपला अशील, विषय आणि खर्च जाहीर करावा लागतो.

गैरसमज ५: बाजार बंद झाला म्हणजे शेतकऱ्याचेच म्हणणे मांडले गेले.

वस्तुस्थिती: लॉबिंगच्या नीतीचा सर्वांत अवघड प्रश्न इथे आहे. डिसेंबर 2014 मध्ये पणन संचालकांनी आदेश काढला की अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि सरकारने आदेशाला स्थगिती दिली. जुलै 2016 मध्ये सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, आणि अडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा पुन्हा विरोध झाला आणि बाजार बंद राहिला. पण या वेळी निर्णय टिकला. नोव्हेंबर 2018 मध्ये बाजार समिती कायद्यातल्या बदलांविरुद्ध वाशीत व्यापारी आणि माथाडी एकत्र उभे राहिले आणि सरकारला विधेयक मागे घ्यावे लागले.

या लढ्यांत व्यापारी आणि माथाडी आपल्या पोटासाठी लढले. तो त्यांचा हक्क आहे, आणि नियमनमुक्तीत शेतकऱ्याचे पैसे बुडण्याची भीतीही निराधार नव्हती. पण जुन्नरहून टोमॅटो पाठवणारा शेतकरी वाशी बंद करू शकत नाही. बंदमध्ये त्याचाच माल सडतो. त्यात शेतकऱ्यांचेही एकमत नाही. शेतकरी नेते शरद जोशींच्या विचाराच्या संघटना खुल्या बाजाराच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर इतरांना बाजार समितीचे संरक्षण हवे आहे. म्हणून ‘शेतकऱ्याच्या हितासाठी’ असे निवेदनावर लिहिणाऱ्याला विचारले पाहिजे: तुम्ही कोणाचे प्रतिनिधी? खर्च कोण करते? मागणी मान्य झाली तर भार कोणावर पडेल?

या तीन प्रश्नांची उत्तरे जो उघडपणे देतो, त्याचे लॉबिंग नैतिक आहे, मग तो गाळेवाला असो, माथाडी असो वा बहुराष्ट्रीय कंपनी. जो लपवतो त्याच्यावर संशय घ्यायलाच हवा.

पण सगळा भार व्यक्तीच्या सचोटीवर टाकून चालणार नाही. कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस जनतेपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारने 2014 मध्येच धोरण म्हणून ठरवले. ते बंधनकारक कायदा नाही, म्हणून सर्रास बाजूला पडते. बाजार समिती आणि माथाडींशी संबंधित प्रत्येक विधेयकासाठी महाराष्ट्राने ही मुदत कायद्यानेच बांधून घ्यावी. मसुदा मराठीत प्रसिद्ध व्हावा, आलेली निवेदने आणि मंत्र्यांना भेटलेली शिष्टमंडळे यांची यादी संकेतस्थळावर असावी, आणि सुनावणी नाशिक, जुन्नर, सांगलीतही व्हावी. व्यापाऱ्याला मंत्रालयाचा रस्ता ठाऊक आहे, माथाडीने तो लढून मिळवला. शेतकऱ्याला आणि ग्राहकाला तो मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे.