बाबू नारायण: माटुंगा ते मद्रास

जुन्या फुटबॉलमध्ये फॉरवर्ड पाच असत, गोलकीपर एकच. म्हणून पाचव्या फॉरवर्डला संघात जागा असे, दुसऱ्या गोलकीपरला बाकावर. त्यातून पन्नाशीच्या दशकात मोठ्या स्पर्धांत सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलताच येत नसे. 1954च्या विश्वचषकात लोझानला ऑस्ट्रियाच्या कुर्ट श्मीडला ऊन बाधलं, पण शेवटपर्यंत गोलमध्ये उभं राहावं लागलं त्यालाच. ऑस्ट्रियाने स्वित्झर्लंडला 7-5 असं हरवलं. उपांत्य सामन्यात त्याच्या जागी नामवंत वॉल्टर झेमन आला आणि पश्चिम जर्मनीने त्याच्यावर सहा गोल चढवले.

आपल्याकडची अशी जोडी म्हणजे पीटर थंगराज आणि शंकर सुब्रह्मण्यम नारायण, मुंबईकरांचा बाबू. थंगराज हैदराबादचा. मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झाला तेव्हा सेंटर फॉरवर्ड होता, तिथे गोलकीपर झाला. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, त्यामुळे क्रॉस आला की हात सगळ्यांच्या वर. सेंटरने 1955 आणि 1958 साली ड्युरंड चषक जिंकला. 1962च्या जकार्ता एशियाडमध्ये उपांत्य सामन्यात गोलमध्ये प्रद्युत बर्मन होता, पण अंतिम सामन्याला प्रशिक्षक रहीमसाहेबांनी थंगराजलाच उतरवलं. कोरिया 2-1 हरला, सुवर्ण आपलं. 1967 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

अशा माणसाच्या काळात गोलकीपर होणं हेच नारायणचं नशीब. 1956चं मेलबर्न आणि 1960चं रोम या दोन्ही ऑलिंपिक संघांत दोघंही होते. मेलबर्नला भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली ती मुंबईच्याच नेव्हिल डिसूझाने. गोल करणाऱ्याचं नाव राहतं, त्याला इलाज नाही.

नारायण जन्माने ओट्टपालमचा (1934), तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या मलबारचा. वाढला मात्र मुंबईच्या फुटबॉलमध्ये. माटुंग्यातून कॅलटेक्सच्या संघात आला. कॅलटेक्स, टाटा, बर्मा शेल अशा कंपन्यांच्या संघांनी तेव्हा मुंबईचं कूपरेज मैदान गाजत असे. 1958 साली कॅलटेक्सने मोहम्मडन स्पोर्टिंगला हरवून रोव्हर्स चषक घेतला. चेंडू वादीने आवळलेला, चामड्याचा. पावसात भिजला की दगडासारखा जड, आणि गोली बहुतेक वेळा उघड्या हातांनी झेलणार. वर फॉरवर्डने खांद्याने ढकललेलंही नियमात बसे. आजच्या गोलकीपरांचे हातमोजे पाहिले की मला त्या बोटांची कीव येते.

राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे संतोष चषकात, मुंबईचं दुखणं वेगळंच होतं. 1954-55मध्ये मद्रासला सर्व्हिसेसला 2-1 हरवून पहिल्यांदा चषक आला, आणि मग ग्रहच फिरले. 1956-57 आणि 1957-58मध्ये हैदराबादने, 1959-60मध्ये बंगालने अंतिम सामन्यात हरवलं. 1961-62मध्ये स्पर्धा घरच्या मुंबईत, तर रेल्वेने 3-0 असं धुतलं. अंतिम फेरीत चार हार! घरच्या मैदानावरची ती हार मला सगळ्यांत लाजिरवाणी वाटते.

1963-64ची स्पर्धा पुन्हा मद्रासला. राज्य आता महाराष्ट्र झालं होतं आणि समोर आंध्र, म्हणजे जुन्या हैदराबादचेच वारसदार. निकाल 1-0. महाराष्ट्र या नावाने मिळालेला हा पहिला संतोष चषक, आणि नारायण त्या संघात होता. एका गोलाने जिंकलेल्या सामन्यात गोल करणाऱ्याइतकाच न होऊ देणाऱ्यांचा वाटा असतो, पण हे आपल्याला उशिरा सुचतं. थंगराजची थोरवी मान्यच आहे. पण मुंबईच्या फुटबॉलचा हिशेब मांडायचा तर मी आधी बाबूचं नाव घेईन.

थंगराज 2008 साली बोकारोत गेला, नारायण ऑगस्ट 2021मध्ये ठाण्यात, 86व्या वर्षी. महाराष्ट्राला पुढचा संतोष चषक मिळायला 1990-91 उजाडलं. तोही दक्षिणेतच, पालक्काडला, आणि ओट्टपालम याच जिल्ह्यात येतं.