वहीतला नफा आणि गल्ल्यातला पैसा

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली आणि गोकाकच्या त्यांच्या घरी सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. कुणी प्लॉट सुचवला, कुणी विमा. दाजींच्या मनात मात्र शेजारच्या पोरानं सांगितलेल्या एका कंपनीचे शेअर भरले होते. नफा दरवर्षी वाढतोय, एवढीच माहिती. एका रविवारी कंपनीच्या वार्षिक अहवालाची छापील चळत पिशवीत घालून दोघं बेळगावला आमच्याकडे आले. दाजी म्हणाले, "तू अर्थशास्त्र शिकवतोस. लेक्क सरी ऐतेन, नोड." अक्काला एवढंच हवं होतं, "बुडणार नाहीत ना रे?"

अर्थशास्त्र शिकवणं वेगळं आणि ताळेबंद वाचणं वेगळं. मला ताळेबंदाचा पहिला धडा मिळाला तो शहापुरातल्या मामांच्या साड्यांच्या दुकानात. एका लग्नसराईत त्यांची विक्री कधी नव्हे एवढी झाली. मामा खूश. पण आषाढात विणकरांची देणी भागवायला त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं. मामी विचारत राहिली, "एवढं खपलं, तर कर्ज कशाला?" माल गेला होता बाहेरगावच्या दुकानदारांकडे, उधारीवर. वहीत विक्री होती, नफाही होता. गल्ला रिकामा होता.

मामीचा तो प्रश्न मोठ्या कंपनीलाही विचारता येतो. माल पाठवला, बिल फाडलं की विक्री नोंदली जाते. पैसे आले की नाही, हे नफा-तोटा पत्रक सांगत नाही. त्यासाठी ताळेबंदात येणं बाकी किती ते बघायचं आणि रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून प्रत्यक्ष किती रक्कम आली ते. बहुतेक लोक नफ्याचा आकडा बघून पान उलटतात. खरी गोष्ट या तीन कागदांच्या आपसातल्या नात्यात असते.

दाजींच्या कंपनीचंच घ्या. विक्री एका वर्षात २०० कोटींवरून २६० कोटींवर गेली होती. नफा १८ कोटी. पण ग्राहकांकडचं येणं ५० कोटींवरून ११० कोटींवर गेलेलं. पाटीवर हिशेब मांडून दाखवला : येणं भागिले विक्री, गुणिले ३६५. आदल्या वर्षी पैसे यायला सुमारे ९१ दिवस लागत होते, आता १५४. विक्री ६० कोटींनी वाढली आणि येणंही नेमकं ६० कोटींनीच! वाढलेली विक्री म्हणजे सगळी वाढलेली उधारीच. रोख प्रवाहाचं पान उघडलं तर धंद्यातून रोख येण्याऐवजी २१ कोटी बाहेर गेले होते, आणि बँकेचं कर्ज वाढलं होतं. मामांची सोसायटीच ही, फक्त शून्यं जास्त.

एका वर्षावरून कुणाला चोर म्हणू नये. वाढत्या धंद्यात माल आणि उधारी वाढतेच. म्हणून चार-पाच वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवावेत. नफा आणि धंद्यातली रोख या काळात साधारण बरोबरीनं चालली पाहिजेत. (बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना हे गणित लावू नका. कर्ज हाच त्यांचा माल.)

दाजींना हे पटेना. "ऑडिटरची सही आहे की!" ते म्हणाले. मग मला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सची आठवण द्यावी लागली. तिथंही सही होती, शिवाय २००८ मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कारही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत विक्री २,७०० कोटी दाखवली होती, खरी २,११२ कोटी. धंद्यातला नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा ६१ कोटी. वजाबाकी करून बघा, दोन्हीकडे ५८८ कोटीच येतात. खोट्या विक्रीला खर्च नसतो, ती सगळीच्या सगळी नफ्यात उतरते.

पण द्विनोंदी पद्धतीत खोटा नफासुद्धा ताळेबंदात कुठंतरी बसवावा लागतो. सत्यममध्ये काही भाग येण्यात बसवला होता. २,६५१ कोटींच्या येण्यात ४९० कोटी फुगवलेले होते. मोठा भाग मात्र थेट बँक शिल्लकेत. वहीत ५,३६१ कोटी होते, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. नसलेल्या पैशांवरचं ३७६ कोटींचं व्याजही जमेला धरलं होतं! म्हणजे इथं नफा आणि रोख यांची तुलनाही फसली असती, कारण रोखच खोटी. आणि कंपनी चालवायला आणलेले १,२३० कोटींचे देणे वहीत दाखवलेच नव्हते. ज्याच्या बँकेत पाच हजार कोटी आहेत त्याला उसनवारी लागते कशाला? पुन्हा मामीचाच प्रश्न; फरक एवढाच की इथं उसनवारी लपवली होती, बाहेरून दिसणं कठीण होतं. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयानं राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझी पाटी मांडूनही खात्री नाहीच?" नाही, मी म्हटलं. पाटीवर एवढंच कळतं की कुठं थांबून विचारायचं. त्यांच्या कंपनीत थांबायची जागा येण्यात होती. टिपणांची बारीक अक्षरांतली पानं चाळली तर त्या येण्यातला मोठा वाटा संचालकांच्याच नात्यातल्या दुसऱ्या एका कंपनीकडून यायचा होता. हे वाचून अक्का तडक उठून चहा टाकायला गेली.

सगळे पैसे घालायचा बेत मोडला. बरीचशी रक्कम गोकाकच्या बँकेत मुदत ठेवीत गेली, अक्काच्या नावे. दाजींनी पन्नास शेअर मात्र घेतलेच. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पुढच्या वर्षी ते येणं वसूल झालं की नाही, बघायला नको?"