मताचा अधिकार नाही, मत मांडण्याचा आहे : चँडलरचा विकास आराखडा आणि आपण

अ‍ॅरिझोना राज्यातील चँडलर शहराच्या सर्वसाधारण विकास आराखड्यावर, म्हणजे तेथील भाषेत ‘जनरल प्लॅन’वर, मतदारांनी ऑगस्ट २०१६मध्ये शिक्कामोर्तब केले. राज्याच्या कायद्यानुसार अशा आराखड्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. २०२६ हे त्यामुळे या शहरासाठी हिशेबाचे वर्ष ठरते. पुढच्या दशकात कोठे घरे व्हावीत, कोठे उद्योग यावेत, पाणी कोणाला किती द्यावे, रस्त्यावर सावली असावी की नसावी, हे ठरवणारा दस्तऐवज या सुमारास नव्याने घडवणे शहराला भाग असते. चँडलरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी जणांना या आराखड्यावर मतदान करता येत नाही. तो घडत असताना आपले म्हणणे नोंदवण्यास मात्र त्यांना कोणतीही आडकाठी नाही. या दोन गोष्टींतला फरक आपल्याकडे फारसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी आराखडा म्हणजे काय, ते पाहू. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला विकास आराखडा म्हटले की भूखंडांवरची आरक्षणे आठवतात : हा तुकडा शाळेसाठी, तो उद्यानासाठी, पलीकडून रस्ता जाणार. अ‍ॅरिझोनातील आराखडा त्या अर्थाने भूखंडनिहाय नसतो. तो धोरणांचा दस्तऐवज असतो. भूखंडनिहाय नियम झोनिंगच्या संहितेत असतात. परंतु झोनिंग हे आराखड्याशी सुसंगतच असले पाहिजे, अशी राज्याच्या कायद्याची अट आहे. त्यामुळे आराखड्यातले एखादे निरुपद्रवी वाटणारे वाक्य पाच-सात वर्षांनी एखाद्या प्रकल्पाचे भवितव्य ठरवून जाते. पन्नास हजारांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना आराखड्यात एकूण १७ घटकांचा विचार करावा लागतो : जमिनीचा वापर, वाहतूक, मोकळ्या जागा, पाणी, घरे, ऊर्जा, सुरक्षितता, सायकलमार्ग, जुन्या वस्त्यांचे जतन आणि असेच बाकीचे.

या कायद्याचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. फिनिक्स परिसराची वाढ नव्वदच्या दशकात इतकी बेफाम झाली, की वाळवंट गिळत जाणाऱ्या या विस्ताराला काही तरी लगाम हवा, अशी मागणी पुढे आली. त्यातून १९९८मध्ये ‘ग्रोइंग स्मार्टर’ आणि २००० साली ‘ग्रोइंग स्मार्टर प्लस’ हे कायदे झाले. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांचा आराखडा मतदारांनी मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही, ही तरतूद त्यांचेच फलित. अमेरिकेतही अशी सक्ती असणारी राज्ये थोडी आहेत.

आता मुद्द्याकडे येऊ. आराखडा तयार होत असताना शहराने परिणामकारक, लवकर सुरू होणारा आणि अखंड चालणारा लोकसहभाग मिळवावा, आणि तो शहराच्या सर्व भौगोलिक, वांशिक व आर्थिक स्तरांतून मिळवावा, असे कायदा सांगतो. प्रस्तावांची व्यापक प्रसिद्धी, लेखी अभिप्रायाची संधी, रीतसर सूचना देऊन घेतलेल्या जाहीर सुनावण्या आणि आलेल्या अभिप्रायांचा विचार ही त्याची अंगे होत. मसुदा स्वीकृतीपूर्वी किमान ६० दिवस उपलब्ध असावा लागतो. पंचवीस हजारांवर लोकसंख्या असेल तर नियोजन आयोगाला दोन किंवा अधिक सुनावण्या आणि त्याही निरनिराळ्या ठिकाणी घ्याव्या लागतात. त्यानंतर सिटी कौन्सिलच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. चँडलरच्या सात जणांच्या कौन्सिलमध्ये ती पाच मते होतात. मतदारांची पाळी सर्वांत शेवटी येते.

या तरतुदीत ‘मतदार’ हा शब्द केवळ त्या शेवटच्या पायरीवर आहे. त्याआधीच्या पायऱ्यांवर व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व यांपैकी कशाचीही विचारणा कायदा करत नाही.

आपल्या समाजासाठी हा तपशील क्षुल्लक नाही. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, अशी मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग कित्येक वर्षे लांबली आहे. ग्रीन कार्ड हाती पडल्यावरही नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. परिणामी दोन-दोन दशके इथे राहिलेली, घर घेतलेली, मालमत्ता कर भरणारी माणसे मतपेटीपासून दूरच राहतात. इथे जन्मलेली मुलगी अठराव्या वर्षी मतदान करून येते आणि आई-बाबा गाडीत बसून तिची वाट पाहतात, असे प्रसंग आता नवलाचे राहिलेले नाहीत. अशा कुटुंबांसाठी सुनावणी हीच शहराच्या कारभारात शिरण्याची वाट. शिवाय मतपत्रिकेवर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येते. मजकूर बदलण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते. मजकूर ओला असतो तो सुनावणीच्या काळात. या अर्थाने मतदाराला शेवटी जे मिळते, त्यापेक्षा अधिक काही बिगर-मतदाराला आधी मिळू शकते.

अशा मजकुरात किती बळ असते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. शहराच्या दक्षिणेकडील प्राइस रोडचा पट्टा हा उच्च तंत्रज्ञानाच्या, भरपूर रोजगार देणाऱ्या संस्थांच्या प्रशस्त आवारांसाठी राखून ठेवावा, हे धोरण चँडलरने नियोजनाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे जपले आहे. आपल्यापैकी अनेकांची कार्यालये याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत. दरम्यान, डेटा सेंटरांच्या शीतयंत्रणेच्या सततच्या घरघरीविषयी शेजारच्या रहिवाशांनी बराच काळ तक्रारी केल्या. त्यांतून २०२२मध्ये शहराने डेटा सेंटरांसाठी झोनिंगचे नियम कडक केले. पुढे याच पट्ट्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटरचा प्रस्ताव आला. त्याच्या बाजूने बोलण्यासाठी अ‍ॅरिझोनाच्या माजी सिनेटर कर्स्टन सिनेमा स्वतः नियोजन आयोगापुढे उभ्या राहिल्या. शहराकडे आलेल्या अभिप्रायांत विरोधाचा सूर स्पष्टपणे वरचढ होता. डिसेंबर २०२५मध्ये कौन्सिलने प्रस्ताव सात विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला.

हा विजय केवळ ईमेलच्या गठ्ठ्याचा होता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पट्टा कशासाठी राखला आहे, हे आधीपासून लिहून ठेवलेले होते, म्हणून रहिवाशांच्या नापसंतीला धोरणाचा आधार मिळाला. नुसती नाराजी आणि नुसता कागद, दोन्ही एकेकटे अपुरे पडले असते.

मग आपल्या लोकांनी कशाविषयी बोलावे? उत्तर शोधायला आपल्या घरातच डोकवावे. भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी येणारे आई-वडील हा चँडलरच्या मराठी घरांतला कायमचा विषय आहे. त्यांना गाडी चालवता येत नाही. लाइट रेल टेंपी आणि मेसापर्यंत येते, चँडलरमध्ये नाही. जुलै २०२२मध्ये दक्षिण चँडलरमध्ये सुरू झालेली ‘चँडलर फ्लेक्स’ ही मागणीनुसार येणारी वाहनसेवा अशा ज्येष्ठांच्या फार उपयोगाची आहे. ती कोठवर पोहोचावी, हा वाहतूक घटकाचा प्रश्न. पदपथावरची सावली हा दुसरा. फिनिक्स परिसराने २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सियसहून अधिक तापमान सोसले. अशा गावात झाडांची सावली ही शोभेची वस्तू नव्हे. तिसरा प्रश्न घराचा. राज्याने २०२४मध्ये कायदा करून ७५ हजारांवर लोकवस्तीच्या शहरांना मुख्य घराच्या आवारात छोटे घर, म्हणजे ‘कसीटा’, बांधू देणे बंधनकारक केले. आई-वडिलांसाठी अंगणात दोन खोल्या काढण्याचा विचार करणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पाण्याचे तर विचारूच नये. कोलोरॅडो नदीच्या टंचाईची पहिली अधिकृत घोषणा २०२१मध्ये झाली. पण मोठ्या वापरकर्त्यांना पाणी वाटून देण्यासंबंधीचा नियम चँडलरने २०१५मध्येच केला होता. हे शहर या बाबतीत शेजाऱ्यांपेक्षा सावध आहे. ते तसेच राहावे, असे वाटणाऱ्यांनीही ते बोलून दाखवले पाहिजे. सुनावणीला फक्त विरोधकच जातात, हा आपला एक गोड गैरसमज आहे.

एक कबूल केले पाहिजे : शहराच्या हाती सगळे नसते. कसीटांचेच पाहा, तो निर्णय राज्याचा आहे. ‘आमच्या भागात नको’ असे शंभर जणांनी लिहिले तरी शहर तो कायदा मोडू शकत नाही. त्यामुळे कोणता प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो, हे पाहूनच लिहावे. शाळांचे प्रश्न स्कूल डिस्ट्रिक्टकडे जातात, वसाहतीतल्या कुंपणाच्या रंगाचे एचओएकडे. (आपली मंडळी एचओएच्या बैठकीत तासन्‌तास वाद घालतात, ती उमेद थोडी सिटी हॉलकडे वळली तर बरे होईल.)

अभिप्राय कसा लिहावा, याबद्दलही दोन शब्द. ‘वाहतूक फार वाढली आहे, काहीतरी करा’ या वाक्याचे नियोजन अधिकाऱ्याला काही करता येत नाही. मसुद्यातील अमुक प्रकरणातील अमुक धोरण, अमुक चौकापासून शाळेपर्यंतचा भाग, तिथे मुले दुपारी तीनला चालत येतात, सावली नाही, म्हणून धोरणात ‘प्रोत्साहन द्यावे’ऐवजी ‘बंधनकारक करावे’ असा शब्द घालावा, असे लिहिले तर ते जागेवर पोहोचते. पन्नास जणांनी एकच नमुना चिकटवून पाठवण्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे अनुभव लिहिणे अधिक उपयोगी. क्रिकेट खेळणाऱ्यांनी मैदानाविषयी लिहावे, रात्रपाळी करणाऱ्यांनी रस्त्यावरच्या दिव्यांविषयी.

मनातली भीतीही मोकळेपणाने बोलली पाहिजे. सध्याच्या वातावरणात व्हिसावरच्या माणसाला सरकारदरबारी आपले नाव नोंदवायला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. अभिप्राय हा सार्वजनिक अभिलेखाचा भाग होतो, तो कोणालाही मागता येतो, हे ध्यानात ठेवूनच लिहावे. परंतु अभिप्राय देणे आणि निवडणुकीत भाग घेणे या कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसाधारकाला कोणत्याही पातळीवरच्या निवडणुकीत देणगी देता येत नाही आणि मतदार म्हणून नाव नोंदवणे तर नागरिकत्वाच्या वाटेवर गंभीर अडथळा ठरू शकते. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो, तिथे घाईने खूण करू नये. शहराच्या रस्त्यांविषयी चार ओळी लिहिणे या कशातही मोडत नाही.

महाराष्ट्रात हीच परंपरा ‘हरकती व सूचना’ या नावाने आपल्या परिचयाची आहे. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावर कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. फेब्रुवारी २०१५मध्ये मुंबईचा २०३४पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करण्याचे आदेश दिले. सुधारित आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. फरक एवढाच, की तिथे अंतिम शब्द राज्य सरकारचा असतो, इथे मतदारांचा. मतदारांनी नवा आराखडा नाकारला तर नवा मंजूर होईपर्यंत जुनाच चालू राहतो.

आराखडा एकदा मंजूर झाला म्हणजे दहा वर्षे झोपायला मोकळीक मिळाली, असेही नाही. त्यात मोठी दुरुस्ती करायची तर पुन्हा सुनावण्या आणि पुन्हा दोन तृतीयांश मते लागतात. एखाद्या भूखंडाचे झोनिंग बदलायचे असेल तेव्हाही सुनावणी होते. तिथे अ‍ॅरिझोनाचा कायदा मतदारापेक्षा घरमालकाला मोठा मान देतो : भूखंडापासून १५० फुटांच्या आतील मालमत्तांपैकी क्षेत्रफळ आणि संख्या या दोन्हींच्या हिशेबाने २० टक्के वा अधिक मालमत्तांच्या मालकांनी लेखी विरोध नोंदवला, तर कौन्सिलच्या तीन चतुर्थांश सदस्यांच्या संमतीशिवाय बदल होत नाही. सात जणांत ती सहा मते होतात. या वीस टक्क्यांत एच-१बीवरचा घरमालकही धरला जातो. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत जाहीर सूचनेचा फलक दिसला की गाडी थांबवून त्यावरची तारीख टिपून घ्यावी.