राखेच्या विटांचा धंदा आणि खेळते भांडवल

वीटभट्टीसाठी शेतातील माती विकली म्हणजे पैसा एकदाच हाती येतो. जमिनीचा गेलेला कस मात्र पुष्कळ वर्षे भरून येत नाही. जमिनीची सुपीकता मुख्यतः तिच्या वरच्या थरात साठलेली असते आणि भट्टीसाठी बहुधा हाच थर खणून नेला जातो. ही माती शेतातच राहावी व गावातील घरेही उठावीत, असा एक मार्ग म्हणजे राखेची वीट.

वीट कशी तयार होते?

औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळाल्यावर बारीक राख उरते. आपल्या राज्यात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ व परळी येथे अशी केंद्रे आहेत. ही राख वापरात यावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली प्रथम अधिसूचना काढली आणि २०२१ च्या अधिसूचनेने ते बंधन अधिक कडक केले. राख, दगडाची कच व सिमेंट यांचे मिश्रण यंत्राच्या साच्यात दाबले की वीट पडते. ती भाजावी लागत नाही. मात्र दोन ते तीन आठवडे तिला नियमित पाणी मारावे लागते. राख दुरून आणल्यास वाहतुकीचा खर्च नफा खाऊन टाकतो. म्हणून वीजकेंद्रापासूनचे अंतर आधी पाहावे.

भांडवल कोठून उभे करावे?

अशा धंद्यास पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम उपयोगी पडला आहे. २००८ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाची वस्तू उत्पादनासाठीची प्रकल्पमर्यादा २०२२ साली ५० लाख रुपये करण्यात आली. त्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटाच्या अर्जदारास स्वतःचे १० टक्के घालावे लागतात व २५ टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, माजी सैनिक इत्यादींसाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५ व ३५ टक्के आहे. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अनुदान सुरुवातीस रोख हाती पडत नाही. बँक ते तीन वर्षे ठेवीच्या रूपाने बाजूस ठेवते व तेवढ्या कर्जावर व्याज आकारीत नाही. उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर ते कर्जखात्यात वळते होते. तोपर्यंत धंदा स्वतःच्या बळावर तगला पाहिजे.

धंदा अडतो कोठे?

उदाहरणादाखल पाहू. दहा लाखांचा प्रकल्प असून रोज एक हजार विटा पडतात व एका विटेस माल, मजुरी आणि वीज मिळून चार रुपये खर्च येतो असे धरू. महिन्याच्या २५ दिवसांत एक लाख रुपये लागतील. आज पडलेल्या विटेला तीन आठवडे पाणी मारावयाचे. नंतर ती विकली जाणार आणि उधारी वसूल होण्यास आणखी महिना जाणार. म्हणजे साधारण दोन महिन्यांचा खर्च, दोन लाख रुपये, विटांतच अडकून राहतो.

प्रकल्प अहवालात यंत्र, शेड व वीजजोडणी यांसाठी आठ लाख आणि खेळत्या भांडवलासाठी दोन लाख धरले, तर काम चालेल. परंतु संपूर्ण दहा लाखांचे मोठे यंत्र घेऊन रोज दोन हजार विटा पाडावयाचे ठरविले, तर खेळत्या भांडवलाची गरज चार लाख होते आणि हाती काहीच उरत नाही. मग सिमेंट उधारीवर, मजुरी सावकाराच्या पैशावर, असा क्रम सुरू होतो. यंत्र चांगले असूनही हप्ता थकतो तो यामुळे.

गिऱ्हाईक आणि प्रत

पावसाळ्यात बांधकामे मंदावतात. त्यामुळे वर्षाचा हिशेब बारा महिन्यांऐवजी आठ महिन्यांच्या विक्रीवर मांडणे शहाणपणाचे होय. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतील घरकुले हे मोठे गिऱ्हाईक असले, तरी लाभधारकास मदत बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळते. त्याच्याशी व्यवहार करताना हप्त्याची मुदत आधीच लिहून घ्यावी.

प्रतीची एक सोपी चाचणी घरीही करता येते. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा वजन करावे. वजन एकपंचमांशाहून अधिक वाढल्यास मिश्रणात किंवा दाबात उणीव आहे असे समजावे.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्यापूर्वी अर्जदारास चार प्रश्न अवश्य विचारावेत: राख किती अंतरावरून येणार? पहिल्या सहा महिन्यांत वीट कोण घेणार? दोन महिन्यांचा खर्च कोठून होणार? पावसाळ्यात हप्ता कसा भरला जाणार? चारही उत्तरे कागदावर मांडता आली, तरच अर्ज पुढे न्यावा. योजनेचे चालू नियम आणि लागणारे परवाने यांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

लहान यंत्र व पुरेसे खेळते भांडवल घेऊन सुरुवात करावी. विक्री स्थिरावल्यावर यंत्र वाढविता येते. पण थकलेल्या कर्जाखाली आलेला धंदा पुन्हा उभा करणे फार कठीण जाते.