छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल

नैराश्य आणि चिंताविकार हे मनाचे सर्वांत जास्त आढळणारे आजार. सिंधुदुर्गातल्या मसुऱ्यासारख्या गावात ते बहुधा शरीराच्या तक्रारी घेऊन दवाखान्याची पायरी चढतात. झोप लागत नाही, डोके जड होते, पोटात गोळा उठतो, अन्नावर वासना राहत नाही. पन्नाशीतली एखादी बाई छातीत धडधडते म्हणून येते. ईसीजी नॉर्मल निघतो, रक्तदाब ठीक असतो, 'काही झालेले नाही' असे ऐकून ती घरी परतते. रात्री पुन्हा तीच धडधड. तिचा त्रास खरा असतो, फक्त तो मोजणारे यंत्र नसते.

घरातले माणूस गेले किंवा ऐन हंगामात आंब्याचा मोहोर करपला, तर मन खचणारच. तो आजार नव्हे. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिले, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आणि नेहमीची कामे होईनाशी झाली, तर मात्र ते नैराश्य समजावे. तपासणीसाठी नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरतात. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढची चौकशी हवी. चिंताविकारात काळजी थांबवता येत नाही. काहींना अचानक झटका येतो: घाम, धाप, आता मरणार अशी भीती. असा झटका बहुधा दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतो. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी करून घेणे योग्यच. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहावे, कारण त्यांच्या बिघाडानेही अशीच लक्षणे दिसतात.

आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेला आणि चतुर्थीला चाकरमानी येतात, घरे भरतात. एरवी मोठ्या घरात एखादे म्हातारे जोडपे असते, किंवा त्यातले मागे उरलेले एकटेच कुणी. अशा माणसाचे गप्प होणे वयावर ढकलले जाते. म्हातारपणातले नैराश्यही उपचारांनी बरे होते, हे फार कमी घरांना ठाऊक असते.

त्रास वाढला की देवळात गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो. त्यातून धीर मिळत असेल तर गाऱ्हाणे आणि गोळी यांत भांडण लावण्याची गरज नाही. मात्र बाधा उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी अडचण नावाच्या धास्तीची. मनाचा डॉक्टर म्हटले की १८८६ पासूनचे रत्नागिरीचे मनोरुग्णालय डोळ्यांसमोर येते. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना कुठेच दाखल व्हावे लागत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि इथेच बरेच जण कंटाळून त्या सोडतात. बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवायच्या व डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. त्यांची चटक लागत नाही. ती लागते काही झोपेच्या गोळ्यांची, आणि त्या चिठ्ठीशिवाय परस्पर घेणे घातक.

बोलण्याच्या उपचारांचा मोठा दाखला बांद्यापलीकडे गोव्यातच आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'संगथ' ही संस्था उभी केली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून संस्थेने त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. सहा ते आठ भेटींत समुपदेशक रुग्णाबरोबर दिवसाची उजळणी करतो. कुठले काम केल्यावर थोडे हलके वाटले, कुठले टाळल्यावर अधिक जड, ते नोंदवले जाते. मग पुढच्या भेटीपर्यंत झेपेल एवढेच ठरते: सकाळी परड्यात फेरी, शेजारणीकडे जाणे, सुटलेले भजन पुन्हा धरणे. २०१६ अखेर 'लॅन्सेट'मध्ये या पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी असे समुपदेशन मिळालेले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. सिंधुदुर्गातल्या आशाताईंना आणि उपकेंद्रांना हे काम अवघड जाऊ नये; त्यासाठी प्रशिक्षण आणि सततची देखरेख मात्र द्यावी लागेल.

मसुऱ्याच्या माणसाने सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपासून करावी, आणि तक्रार सांगताना शरीराबरोबर मनाचेही सांगावे. पुढचा टप्पा ओरोसचे जिल्हा रुग्णालय. दारू पीत असल्याचेही डॉक्टरांपासून लपवू नये, कारण पुष्कळदा उदासीवर उतारा म्हणून ती सुरू होते आणि उदासीच वाढवते.

'जगण्यात अर्थ नाही' असे कुणी बोलले तर जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये. आंबा-काजूवर फवारायचे औषध घरात असेल तर कुलपात, त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला न भरता तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. रुग्णाने स्वतः फोन केला पाहिजे असे नाही, घरातल्या कुणीही केला तरी चालतो.